ऋण छत्तीस

इंदूर ते देवास छत्तीस किलोमीटर धरा.
खरं अंतर कुठून मोजता त्यावर आहे.
लोकमान्यनगरातल्या आमच्या फाटकापासून
बाबांच्या स्कूटरवर ते रोज थोडं बदलायचं.

वेग ताशी सहाने वाढवला
तर बारा मिनिटं वाचतात.
तर मूळ वेग किती?

दहावीची वही, साल सत्त्याऐंशी.
मी क्ष मानला. क्षच मानायचा,
ही टोकेकर सरांची शिस्त.
क्षचा वर्ग अधिक सहा क्ष
वजा एक हजार ऐंशी बरोबर शून्य.
अवयव पाडले. तीस आणि छत्तीस
पहिल्याच झटक्यात सापडले,
तेव्हा वाटलं, आपण हुशार आहोत.

क्ष बरोबर तीस
किंवा क्ष बरोबर ऋण छत्तीस.
मग ते वाक्य, जे हात आपोआप लिहायचा:
परंतु वेग ऋण असू शकत नाही.
आणि पट्टी ठेवून एक सरळ, निळी रेघ.

बाबा हात पुसत मागे येऊन उभे राहिले.
गिअरच्या कारखान्यातलं तेल
रविवारीसुद्धा नखांत असायचं.
नॉन-मॅट्रिक. बीजगणिताशी आपला
छत्तीसचा आकडा, असं स्वतःच सांगायचे.

"हे का कापलंस?"
"वेग ऋण नसतो, बाबा."
"कोण म्हणतं?
सकाळी मी तीसनं जातो.
मांगलियाला ट्रकची रांग, इंजिन गार, मी त्याहून गार.
संध्याकाळी छत्तीसनं येतो.
येणं म्हणजे उलटं जाणंच की.
उत्तर बरोबर आलं होतं तुझं.
तू माझं घरी येणं खोडलंस."

आई आतून म्हणाली, तिला अभ्यास करू द्या.

पाच वर्षांनी, होळकर कॉलेजच्या बाहेर
टेंपोची वाट बघत, तिकिटाच्या पाठीवर
मी क्षच्या जागी ऋण क्ष वजा सहा ठेवून पाहिलं.
समीकरण जसंच्या तसं.
योगायोग नव्हता तो. जी जलद स्कूटर
आपण फक्त तुलनेला आणली होती,
ती चिन्ह उलटं करून
पहिल्यापासून आत बसलेली होती.
तीन आणि सहा, पाठीला पाठ लावून:
एक देवासकडे बघतो, एक इंदूरकडे.
घरी गेले तेव्हा बाबा सेकंड शिफ्टला होते.
मग सांगायचं राहिलं. का राहिलं, आठवत नाही.

आता मी शिकवते.
जाताना तीस, येताना छत्तीस, सरासरी?
तेहेतीस, सगळा वर्ग एका आवाजात.
नाही. बहात्तर किलोमीटर, एकशे बत्तीस मिनिटं:
बत्तीस दशांश चिन्ह बहात्तर बहात्तर बहात्तर,
फळा संपतो, बहात्तर संपत नाही.
हळू वाटेवर माणूस जास्त वेळ असतो,
म्हणून सरासरी तिच्याकडे झुकते.
एवढंच कारण. मुलांना पटतं.
परीक्षेत पुन्हा तेहेतीस लिहितात.

सव्वीस वर्षं त्यांनी त्या रस्त्यावर
जाताना बहात्तर मिनिटं दिली, येताना साठ.
ती वाचलेली बारा मिनिटं कुठे गेली, मला माहीत आहे:
माझ्या सायकलच्या चाकांत हवा,
भाऊच्या दप्तराचा बंद,
आणि उरलेली, पायरीवर नुसतं बसून,
हेल्मेट मांडीवर.

परवा दिव्यांशू चौहाननं शेवटच्या बाकावरून विचारलं,
"मॅडम, माइनस वाला काट दूँ?"
काट, म्हटलं.
पेपर तपासणारा काही बाबांना ओळखत नाही.
पट्टी काढलीच होती त्यानं.
पट्टी राहू दे, म्हटलं. पेन्सिलनं, हलकी मार.
खालचा आकडा दिसू दे.